कौलाआधीच आलेली तारीख

"ओवी, खळ कंदिलाला लावायची असते, केसांना नव्हे!"

"मग तू काडी हलवू नकोस ना, मेघनाताई! मी नेम धरते आणि तू हलतेस!"

"दोघी गप्प बसा, कागद उडतोय!" राजरत्न ओरडला आणि गुलाबी कागदावर अक्षरशः लोळला.

दिवाळीची सुट्टी नुकतीच लागली होती. चिंचपोकळीच्या राघोबा चाळीत तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत भला मोठा कंदील आकार घेत होता. मेघना, तिची नऊ वर्षांची चुलत बहीण ओवी आणि मेघनाच्या वर्गातला राजरत्न, असे तीन कारागीर. कंदिलाने वाट एवढी अडवली होती, की शेजारच्या सुभद्राकाकू चकलीचा डबा डोक्यावर धरून त्याखालून वाकून गेल्या आणि जाताजाता तिघांचाही उद्धार करून गेल्या.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरून आरोळी आली, "तारीख आली रे! जत्रेची तारीख आली!"

झालं! फटाफट दारं उघडली. भाजणीच्या हातांनी बायका बाहेर आल्या, अर्धी दाढी केलेले काका बाहेर आले. राघोबा चाळीतली बहुतेक माणसं कोकणातल्या कातळवाडीची. त्यांच्या सातेरीदेवीची जत्रा पंचांगात सापडत नाही. देवीला फुलं लावून कौल घ्यायचा, उजवीकडचं फूल पडलं की तारीख ठरते. आणि तारीख कळताच जो तो कोकणच्या गाडीचं तिकीट काढायला धावतो, कारण अर्ध्या तासात गाड्या भरतात! म्हणून सगळे त्या एका निरोपासाठी जीव टांगून बसलेले असत.

ओरडत होते हितेंद्रकाका, कातळवाडी ग्रामस्थ मंडळाचे अध्यक्ष. ऑनलाइनमधलं आपल्याइतकं चाळीत कोणाला कळत नाही, असं त्यांचं स्वतःचं ठाम मत होतं.

"मंडळाच्या मेलवरून आलंय! 'तारीख ठरली, पत्रिका पाहण्यासाठी इथे दाबा.' मी दाबलंसुद्धा! ग्रुपवरही टाकलं, तीनशे माणसांना एका झटक्यात!"

मेघनाच्या हातातली काडी तशीच राहिली. "थांब... कौल कधी लागला?"

"लागला असेल सकाळी," राजरत्न म्हणाला.

"कसा लागेल? कौल लावणाऱ्या बाबुराव मानकऱ्यांचे वडील वारले ना! त्यांच्या घरात रविवारपर्यंत सुतक आहे. कालच आजोबा फोनवर बोलत होते. सुतकात कोण देवीला फुलं लावेल?"

तिघं धडाधड जिने उतरून काकांकडे पोचली. मेघनाने सुतकाचं सांगताच काका हसले. "अगं, आता सगळं ऑनलाइन असतं!"

"कौलसुद्धा?" ओवीने विचारलं.

काका बोलायला गेले आणि फोनकडेच बघत राहिले. कारण हातातला फोन त्यांना न विचारताच भराभर कोणाकोणाला निरोप पाठवू लागला होता!

"काका, त्यावर दाबल्यावर काही उतरलं का फोनमध्ये?" राजरत्नने विचारलं.

"पत्रिका नावाचं अ‍ॅप उतरलं. त्याने जे जे विचारलं त्याला मी हो म्हटलं."

"सगळ्याला?" राजरत्नने फोन जवळजवळ हिसकावलाच. वायफाय बंद केलं, विमानाच्या चित्रावर बोट दाबलं आणि निरोपांची रांग एकदाची थांबली. "शाळेत पोलीस मॅडम सांगून गेल्यात. पहिल्यांदा नेट तोडायचं. आता दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि लगेच सायबर मदतीचा एक-नऊ-तीन-शून्य लावा!"

काकांचा चेहरा पिठासारखा झाला. पण मेघनाचं लक्ष आता काकांकडे नव्हतंच. मंडळाची मेल पाहत होते ते तिचे स्वतःचे धोंडूआजोबा! कित्येक वर्षांचे चिटणीस. एवढी आरोळी झाली, सगळी चाळ गॅलरीत आली, आणि आजोबाच कसे बाहेर आले नाहीत?

ती धावत घरी आली. आजोबा जुन्या लॅपटॉपपुढे मान खाली घालून बसले होते.

"आजोबा, ती मेल तुम्ही पाठवलीत?"

"नाय गो बाय. माका ती मेलची पेटी उघडूकच येत नाय." त्यांनी लॅपटॉपकडे बोट दाखवलं. "परवा एक पत्र इला. 'तुमची पेटी भरली, आज पासवर्ड भरलास नाय तर सगळा पुसान जातला.' मी घाबरलंय. गावाचे फोटो, जुनी पत्रां, सगळा त्याच्यात. भरलंय पासवर्ड. तेव्हापासून दारच बंद!"

"मग सांगितलं का नाही कोणाला?"

आजोबांनी लॅपटॉप मिटला. "दिवाळीनंतर सभा आसा. हितेंद्र म्हणता, म्हाताऱ्याक आता जमणा नाय, चिटणीस बदलूया. ह्यां कळला असता तर... माझा काय ऱ्हवला असता?"

साठीतल्या माणसांनाही धाकात ठेवणारे आपले आजोबा दोन दिवस एकटेच घाबरून बसले होते आणि आपण बाहेर कंदील चिकटवत होतो! तिने त्यांचा हात घट्ट धरला. "काही बिघडलेलं नाही अजून. पण माणसं त्या लिंकवर दाबायच्या आत त्यांना सांगायला हवं."

तोवर बँकेला आणि एक-नऊ-तीन-शून्यला फोन करून राजरत्न, ओवी आणि पडेल चेहऱ्याचे हितेंद्रकाका दारात येऊन उभे होते.

"सांगणार कसं?" राजरत्न म्हणाला. "मेल चोराच्या हातात. ग्रुपवर खुद्द अध्यक्षांनीच लिंक टाकलीय. आता नुसतं लिहिलेलं कोण खरं मानेल?"

"आजोबांचं गाऱ्हाणं!" मेघना ओरडली. "ते सगळे ऐकतात! माइकवर घालूया, रेकॉर्ड करूया आणि घराघरातून बदलापूर-विरारच्या गाववाल्यांपर्यंत पाठवूया!"

"माइकवर?" काका दचकले. "अरे, मंडळाची बेअब्रू होईल! गुपचूप निस्तरू."

आजोबा उठले आणि त्यांनी टोपी घातली. "मी गुपचूप ऱ्हवलंय म्हणानच ह्यां झाला, हितेंद्रा. काढ तो माइक."

गणपतीचा माइक मंडळाच्या खोलीतून चौकात आला. गावच्या गाऱ्हाण्यात म्होरक्याने देवापुढे एकेक मागणं मांडायचं आणि सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, अशी रीत. मेघनाने सुभद्राकाकूंचा फोन रेकॉर्डिंगला लावून धरला.

"बा देवा म्हाराजा! ह्या धोंडूच्या हातून चूक झाली रे म्हाराजा! मंडळाचा पासवर्ड मी चोराक दिलंय रे म्हाराजा!"

कोणी 'व्हय' म्हणेना. आजोबांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मेघनाला वाटलं, आपणच त्यांना या चौकात आणून उभं केलं.

तेवढ्यात तिच्या शेजारून एक बारीक, खणखणीत आवाज निघाला, "व्हय म्हाराजा!"

ओवी! मग सुभद्राकाकूंचा आवाज आला, मग सगळ्या चाळीचा!

"तारखेचा पत्र खोटा आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्याच्यार कोणी दाबू नये. दाबल्यानी आसात, तर आधी नेट तोडूचा, बँकेक सांगूचा, एक-नऊ-तीन-शून्यार फोन करूचो, आणि लाजान गप ऱ्हवू नये रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" चौक दणाणला.

दहा मिनिटांत तो आवाज घराघरातून सगळ्या नातेवाइकांकडे गेला. बदलापूरहून फोन आला: दोघांनी दाबलं होतं, पण वेळीच नेट तोडलं. इकडे आजोबांचा जुना बटणांचा फोन कामी आला. मंडळाच्या मेलला त्याचाच नंबर जोडलेला होता. त्यावर कोड आला, राजरत्नने पासवर्ड बदलला आणि पेटी उघडली! गावाचे फोटो जागच्या जागी पाहून आजोबांनी डोळे पुसले.

दुपारी सगळी वरात सायबर पोलिसांकडे गेली. मेघनाने खोट्या पत्राचे आणि त्या लिंकचे फोटो जपून ठेवले होते. तिथल्या मृणालिनी मॅडमनी तक्रार लिहून घेतली. "काकांच्या खात्यातून पैसे जायच्या आतच बँकेने ते थांबवलेत. शाब्बास रे पोरांनो! आणि आजोबा, चूक झाल्यावर चारचौघांत उभं राहून सांगणारी माणसं आमच्याकडे फार कमी येतात."

दिवाळीनंतर सभा भरली. चिटणिसांचा विषय येताच हितेंद्रकाका खाकरले आणि म्हणाले, "चिटणीस धोंडूकाकाच राहतील. मी मात्र मेल कशी वाचायची ते राजरत्नकडे शिकणार आहे." सगळे पोट धरधरून हसले.

सुतक फिटलंच होतं; सभेनंतर बाबुराव मानकऱ्यांनी देवीला फुलं लावली. उजवं फूल पडलं. आजोबांनी चष्मा पुसून, मेघनाला शेजारी बसवून, एकेक अक्षर दाबत तीनशे जणांना मेल पाठवली.

पाच मिनिटं गेली, तरी चाळीत कोणी ओरडेना! मेघना गॅलरीत आली. सगळ्या मजल्यांवर माणसं फोन हातात धरून उभी होती आणि सगळ्यांच्या नजरा आजोबांच्या दाराकडे होत्या.

"धोंडूकाका," खालून हितेंद्रकाकांनी अगदी नम्रपणे विचारलं, "उघडू ना?"

आजोबा कठड्याशी आले, कंदिलाखाली उभे राहिले आणि छाती भरून ओरडले, "तारीख खरी आसा रे म्हाराजा!"