बिनचूक ठसा

पासवर्ड ही गोष्ट आता फक्त म्हाताऱ्यांना आठवत होती. दाराचं कुलूप, गाडी, छातीतलं हृदययंत्र, सगळं 'जन्मठशा'वर चालायचं. चिप घडताना तिच्यात सूक्ष्म खाचखळगे राहून जातात, आणि ते दुसऱ्या कुठल्याच चिपमध्ये तसेच उमटत नाहीत. यंत्राने प्रश्न पाठवायचा, समोरच्या चिपने आपल्या घडणीप्रमाणे उत्तर द्यायचं. उत्तर जुळलं तरच हुकूम मानायचा. या ठशाची नक्कल होत नाही, हे कोर्टानेही मान्य केलं होतं.

म्हणूनच वैजयंती सामंतने पाठच्या भावाचं, श्रीरंगचं, नाव टाकलं होतं. वडिलांचं हृदययंत्र बंद करणारा हुकूम श्रीरंगकडच्या रिमोटवरून गेला, असं सिद्ध झालं होतं. तो शेवटपर्यंत नाही नाही म्हणत राहिला. जन्मठेप झाली.

काही वर्षांनी डॉ. नसरीन मुकादम यांनी वैजयंतीला प्रयोगशाळेत बोलावून घेतलं. जन्मठसा त्यांचाच शोध. वडील गेले त्या दिवशी हृदययंत्राला मिळालेली उत्तरं त्यांनी पडद्यावर आणली.

"खरी चिप थोडी चुकतेच," त्या म्हणाल्या. "उष्णतेने, वयाने. तेवढ्या चुका यंत्र पोटात घालतं. इथे मात्र एकही चूक नाही."

"मग ते जास्तच खरं झालं ना?"

"नाही. ती चिप नव्हतीच. कुणीतरी महिनोन्महिने ही प्रश्नोत्तरं चोरून ऐकली आणि एका प्रोग्रॅमला ठशाची रीत शिकवली. असे आणखी मृत्यू सापडलेत. कोण करतंय, ते अजून कळलेलं नाही."

कोर्टाच्या आवारात आपण भावाला काय काय बोललो, ते वैजयंतीला शब्दन् शब्द आठवलं.

तुरुंगात तिने श्रीरंगला सगळं सांगितलं, त्याचे हात धरून माफी मागितली. तू सुटणार, म्हणाली. त्याचा चेहरा हललासुद्धा नाही.

"ठसा चुकत नाही, असं सगळेच सांगत होते, ताई. तूसुद्धा," तो म्हणाला. "मग मी आठवायला लागलो. आता मला बटण दाबल्याचं नीट आठवतं. बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, तेही."

तसं काही घडलंच नाही, हे तिने पुन्हा पुन्हा सांगितलं. बहीण मायेपोटी खोटं बोलतेय असं समजून श्रीरंग तिच्याच पाठीवरून हात फिरवत राहिला.