झोळाईचा उजवा हात

तिवरगडाच्या तटावर पहाटेची नौबत झडली, खाडीवरचे धुके विरले आणि जिच्या ऐन-किंजळाच्या झाडांना आजवर कुणी लोखंड लावले नव्हते, ती पायथ्याची झोळाईची देवराई दिसू लागली. तीच तोडण्याचा हुकूम घेऊन सुभेदार येसाजीराव घारे खाली उतरले होते. लाकूड गडाच्या दरवाजासाठी, असे ते सांगत. ते फिरंग्याच्या गलबतांवर चढणार, हे पंचक्रोशीला ठाऊक होते.

पण देवीच्या कौलाखेरीज लाकूडतोडे कुऱ्हाड उचलीनात. तिच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुले चिकटवायची. उजवे पडले तर होकार, डावे पडले तर नकार. उजवे पडले नाही तर फूल लावणारा हात जागेवर राहणार नाही, असे सुभेदारांनी धाकू गुरवाला बजावले होते.

धाकूने पहिले फूल लावले आणि बोटाला फणसाचा चीक लागला. एकाच खांद्याला; दुसरा त्याने चाचपला, तो साफ होता. कुणी लावला आणि लावणाऱ्याचे कुठे चुकले, हे त्याला तत्काळ उमगले. पुसून टाकता आला असता. त्याने फूल त्याच चिकावर नीट दाबून बसवले, दुसरे साफ खांद्यावर लावले आणि गाऱ्हाणे घातले.

घटकाभराने दुसरे फूल पडले.

"उजवा कौल," सुभेदार म्हणाले. "चालवा कुऱ्हाडी."

कुणी हलले नाही. लाकूडतोड्यांचा नाईक बाबल याने कुऱ्हाड जमिनीवर ठेवली.

"सरकार, ते तुमचं उजवं," धाकू म्हणाला. "आई आपल्याकडं तोंड करून बसलीय. तिचा तो डावा."

जन्मात कधी कौल न लावलेल्या त्या देशावरच्या सुभेदारांचा तोल गेला. "मग हा कौलच खोटा. त्या न पडलेल्या फुलाखाली चीक लावलेला आहे."

चीक लावणाऱ्यालाच ठाऊक असणार, हे बोलून गेल्यावर त्यांना कळले. साऱ्या गावाने ऐकले होते.

"तुम्ही चीक लावून विचारलंत," धाकू शांतपणे म्हणाला, "तिनं तरी नाहीच म्हटलं."

याचा हात तोड, असे सुभेदारांनी बाबलला फर्मावले. कौलाशिवाय कुऱ्हाड चालत नाही, एवढेच बाबलने उत्तर दिले. तेव्हा सुभेदारांनी स्वतः तलवार उपसली, आणि धाकूने आपण होऊन उजवा हात पायरीच्या दगडावर ठेवला.

"फूल याच हातानं लावलं. घ्या."

वार पडला, पण पाते दगडावर घसरले. दोन बोटे गेली. त्यांचे शिपाईसुद्धा मग मान खाली घालून गडाची वाट चढू लागले.

पावसाळ्याआधी गलबते रिकामी परतली आणि सुभेदारांना हुजुराकडून जाब द्यायला बोलावणे आले. धाकू पुढे वीस वर्षे तीन बोटांनी कौल लावीत राहिला. परगावचा माणूस आला की आधी त्याला एकच विचारी, "उजवं कुणाचं, ठाऊक हाय ना?"