डाव्या पेटीवरचं बोट

दार धाडकन लागलं, पण ताईने आवाज तसूभरही कमी केला नाही. तिने गाणी लावली की भावाने आपल्या खोलीचं दार लावून घ्यायचं, हे या घरात स्पीकर आल्यापासून रोजचंच झालं होतं. आज मात्र ते लगेच पुन्हा उघडलं.

"ताई, संध्याकाळी एक गिऱ्हाईक येतंय, तुझे स्पीकर बघायला. मीच बोलावलंय."

मला न विचारता? ताईच्या मनात आलं. दिवसभर कवळ्यांच्या कारखान्यात मान मोडून मेणात दात बसवायचे, जादा कवळ्या घरी आणून चमकवायच्या, कामावर पायी जायचं, घरखर्चाचा वाटा आधी भावजयीच्या हातावर ठेवायचा आणि उरलेल्यातून एकेक वस्तू जोडायची... आधी ॲम्प्लिफायर, मग रेकॉर्ड प्लेअर, आणि आता कुठे स्पीकरच्या या कमरेएवढ्या दोन लाकडी पेट्या! आयुष्यात स्वतःसाठी मागितलेलं एवढंच सुख, तेही आता इतरांच्या डोळ्यांत खुपू लागलं होतं.

"मोठं घर घ्यायचंय, त्याला थोडेच पैसे कमी पडतायत," भाऊ म्हणाला. "पांढरे हत्ती पोसायची आपली ऐपत नाही."

"हत्ती माझे, चारा माझा. तुमचा वाटा कधी चुकवलाय का मी?"

भावजय मध्येच म्हणाली, "तसं नाही हो ताई, पण लोक हसतात. या वयात..."

"हसू देत. कवळ्या मीच बनवते त्यांच्या."

गिऱ्हाईक वेळेवर आलं. जाणता माणूस होता. त्याने पेट्यांच्या तोंडावरचं कापड हलक्या हाताने काढलं, वाकून पाहिलं आणि चुकचुकला.

"बारीक आवाज या रेशमी घुमटातून येतो. डावीचा आत गेलाय. कुणा पोराने बोट खुपसलेलं दिसतंय. निम्मी किंमत येईल."

"किंमत सांगूच नका. या विकायच्या नाहीत."

"अहो बाई, हा खड्डा सहज निघतो."

"माहीत आहे. दुरुस्तीवाला काढत होता, मीच नको म्हटलं."

गिऱ्हाईक खांदे उडवून निघून गेलं. भाऊ मात्र जागचा हलला नाही. तो डाव्या पेटीसमोर गुडघ्यावर बसला. त्याने बोट पुढे केलं आणि खड्ड्याला न लावताच मागे घेतलं.

"ताई... या त्याच?"

"त्याच. मधल्या मालकाने काळा रंग फासलाय, म्हणून ओळखू आल्या नाहीत तुला. कधी विकायला काढल्या तर आधी मला सांगा, असं त्याला बजावून ठेवलं होतं."

"म्हणजे तू विकल्या होत्यास?" तो तिच्याकडे वळला. "लहानपणी मी बोट खुपसलं आणि दुसऱ्या दिवशी पेट्या नाहीशा झाल्या. मग मलाही बोर्डिंगच्या शाळेत घातलंस. मला वाटलं, माझ्यावरच्या रागाने तू घरातलं गाणं घालवलंस... आणि मलाही."

आईबापामागे तळहाताच्या फोडासारखं जपलेलं पोर, आणि एवढं शल्य उरात घेऊन मोठं झालं! त्या लागणाऱ्या दाराचा अर्थ तिला आज कळत होता.

"वेड्या, बोर्डिंगची फी काय आभाळातून पडली होती?"

स्वयंपाकघराच्या दारात भावजयीने डोळ्यांना पदर लावला. भावाला तर तोंड वर करवेना.

"तेव्हाच का नाही सांगितलंस गं?"

"सांगितलं असतं तर शिकला नसतास, फेडत बसला असतास."

"आता फेडतो, ताई. राहू दे ते मोठं घर..."

"घर घ्या. थोडं उशिरा घ्या, पण घ्या." तिचे डोळे वाहत होते, आवाज मात्र खणखणीत होता. "एकदा तुझ्यासाठी विकल्या, आनंदाने विकल्या. पुन्हा विकणार नाही, ब्रह्मदेव आला तरी! खड्डाही बुजवणार नाही, तुझ्या बोटाची खूण आहे ती. आणि मला काही फेडूबिडू नकोस. फक्त मी गाणं लावलं की दार लावू नकोस."

तिने तबकडीवर सुई टेकवली. भाऊ डोळे पुसत उठला, आपल्या खोलीशी गेला, पायातली चप्पल काढून त्याने उघड्या दाराखाली घट्ट सारली आणि एका पायात चप्पल तशीच ठेवून तिच्याजवळ येऊन बसला.

"आवाज वाढव, ताई," तो म्हणाला.