कालिपाचा राहिलेला घास

ही ऐकीव गोष्ट नाही. शेवटच्या दिवशी त्या खोलीत चहा मीच ओतत होते. चहा ओतणाऱ्या बाईला ना डुलकी घेता येते, ना कुठे निघून जाता येतं. तिला सगळं दिसतं.

भुतं अमावस्येला येतात म्हणे, मध्यरात्री.

आमच्याकडे जे येत होतं, ते संध्याकाळी पाचला यायचं. उजेडात. चहाच्या वेळी.

इसिक-कूल सरोवराचा उत्तर काठ. बालिक्चीहून बसने अर्ध्या तासावरचं आमचं गाव, आणि गावातलं पाण्याला सगळ्यात जवळचं घर. ते माझ्या थोरल्या जावेचं, बुरुल्चाचं. तिच्या मनातलं जे पुढे येईल, ते तिनेच मला सांगितलंय. एका दमात नाही. लाजेची गोष्ट माणूस पायातल्या काट्यासारखी काढतो, थोडी थोडी, तोंड वाकडं करत.

बुरुल्चाची बालमैत्रीण होती कालिपा. लग्न न केलेली, पन्नाशीची, हसरी. गावाबाहेरच्या आरोग्यधामात तिने वीस वर्षं चादरी धुतल्या. ते बंद पडलं तेव्हा लोकांनी पलंग उचलले, गाद्या उचलल्या, खिडक्यासुद्धा उचलल्या. हिने एक जुनी होडी उचलली.

मग रोज दुपार कलली की ही पाण्यात.

"किरगीझ बाईला घोडा शोभतो गं, होडी नाही," म्हाताऱ्या टोमणे मारायच्या.

"घोडा लाथ मारतो, आजी," कालिपा म्हणायची. "होडी फक्त गळते."

या दोघींची एक जुनी खूण होती. होडी बुरुल्चाच्या घरासमोर आली की कालिपा वल्ह्याने होडीच्या काठावर तीन ठोके द्यायची. टक... टक... टक. म्हणजे, मी इथे आहे गं.

आणि बुरुल्चाची खूण म्हणजे कढईचं झाकण.

आमच्याकडे पश्चिमेच्या खिंडीतून उलान नावाचा वारा सुटतो. आधी खिंडीवर काळा ढग बसतो, मग पाण्यावर गडद रेघ उमटते, आणि मग उलान कुणाला वेळ देत नाही. होडीत बसलेल्या माणसाची पाठ खिंडीकडे असली तर त्याला काहीच कळत नाही. म्हणून काठावरच्या घराने ढग दिसताच मोठ्या कढईचं झाकण घ्यायचं, पळीने बडवायचं. जुनी रीत आहे. हल्ली आमच्या गावात होड्याच राहिल्या नाहीत, त्यामुळे गावात झाकण एकाच घरचं वाजायचं, एकाच बाईसाठी.

त्या ऑक्टोबरच्या दुसऱ्या गुरुवारी बुरुल्चाकडे पाहुणे होते. मुलाची सोयरीक जमत होती. व्याही-विहीण थेट राजधानीहून, बिश्केकहून आले होते. विहीण बेगायम म्हणजे नखरा मूर्तिमंत. हातमोजे काढले ते जेवायच्या वेळीच. मेंढी कापली होती. कढईत मटण रटरटत होतं. बुरुल्चाचा जीव मुठीत होता, कारण बेगायमने आल्या आल्या अंगणभर नजर फिरवून म्हटलं होतं, "हं... गाव आहे खरं."

तेवढ्यात फाटकाशी कालिपा आली.

पायात रबरी बूट. अंगाला डांबराचा वास. हातात दोरीत ओवलेले मासे.

"बुरुल्चा! म्हटलं शहरातल्या माणसांना ताजे मासे..."

"कोण आहे हो विहीणबाई?" बेगायमने आतून विचारलं.

बुरुल्चाच्या तोंडून निघून गेलं, "कुणी नाही. मासेवाली आहे."

कालिपाने ऐकलं.

क्षणभर तिने बुरुल्चाकडे पाहिलं... आणि मग काय केलं असेल? तिने मान खाली घातली आणि मोठ्याने म्हणाली, "ताजे आहेत, बाईसाहेब. आत्ताच काढलेत."

मैत्रिणीचं खोटं तिने स्वतःच्या अंगावर घेतलं. मासे फाटकाला अडकवले आणि वळली.

आता एक सांगते. आमच्याकडे दारात कुणीही येवो, शेजारी, वाटसरू, वैरी, नानाचा तुकडा मोडून तोंडाला लावल्याशिवाय त्याला परत जाऊ देत नाहीत. थांबायला वेळ नसेल तर उभ्या उभ्या एक घास. कुत्र्यालाही कुणी तसं परत पाठवत नाही.

बुरुल्चाने कालिपाला तसंच जाऊ दिलं.

थोड्या वेळाने पाण्याकडून आवाज आला. टक... टक... टक.

"हे काय वाजतंय?" बेगायमने विचारलं.

"असेल काहीतरी," बुरुल्चा म्हणाली.

पाचच्या सुमाराला ती चुलीपाशी आली, मटण बघायला. सहज मान वर केली.

खिंडीवर ढग बसला होता.

तिच्या हातात झाकण होतं. दुसऱ्या हातात पळी होती. काहीही शोधायला जायचं नव्हतं. फक्त वाजवायचं होतं.

पण दारातून बेगायम दिसत होती, पेला ओठांशी धरलेली. आता हिच्यासमोर अंगणात उभं राहून, वेडी बाई बडवते तसं झाकण बडवायचं? कुणासाठी म्हणून विचारलं तर काय सांगायचं? मासेवालीसाठी?

कालिपा काय लहान आहे, तिलाही ढग दिसेल, असं बुरुल्चाने स्वतःला सांगितलं.

आणि झाकण कढईवर ठेवून दिलं.

शेजारच्या गावच्या कोळ्यांनी कालिपाला पाण्यातून काढलं तेव्हा अजून ऊन होतं. होडी उलटी झाली होती.

कालिपाची आई, सालिका आजी, ऐंशीला टेकलेली. तिने तिसऱ्या दिवशी एवढंच विचारलं, "बुरुल्चा, त्या दिवशी घरी होतीस का गं?"

"नाही, आजी. पाहुण्यांसाठी बालिक्चीच्या बाजारात गेले होते."

"हो ना," म्हातारी म्हणाली. "असतीस तर वाजवलंच असतंस."

शोकाच्या तंबूत बुरुल्चाने मैत्रिणीसाठी रडगाणं म्हटलं. बायका डोळे पुसत म्हणाल्या, "मैत्रीण असावी तर अशी." ते ऐकताना जमीन दुभंगून मला पोटात का घेत नाही, असं तिला झालं. जमीन दुभंगत नाही. आपल्या सोयीने ती कधीच काही करत नाही.

चाळिसाव्या दिवसाचे विधी झाले. त्याच्या दुसऱ्या दिवशी...

संध्याकाळी पाच. बुरुल्चा घरात एकटी. वारा नाही, पानही हलत नव्हतं.

टक...

टक...

टक.

ती काठावर धावली. पाणी काचेसारखं. होडी नाही. कालिपाची होडी तर सालिका आजीच्या अंगणात पालथी पडलेली, तिच्यावर कोंबड्या बसायच्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. पाचला. तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशी शेजारीण मीठ मागायला आली आणि चहाला बसली. पाच वाजले... साडेपाच झाले...

आवाज आला नाही.

बुरुल्चाच्या ध्यानात आलं. घरात पाहुणा असला की ठोके पडत नाहीत.

झालं! तिने रोज पाचला पाहुणे बोलवायला सुरुवात केली. आज शेजारीण, उद्या पोस्टातला माणूस, परवा मेंढ्यांचा डॉक्टर. गाव म्हणायला लागलं, बुरुल्चाचा हात किती मोकळा! माझे थोरले दीर सापार, म्हणजे तिचा नवरा, एकदा वैतागून म्हणाले, "अगं, हे घर आहे की बालिक्चीचं बसस्थानक? निदान तिकीट तरी लाव."

हसायची ती. पण पाहुणा उठायला लागला की त्याची बाहीच धरायची, "बसा हो, अजून एक पेला."

असे नऊ महिने. मुलाचं लग्न झालं, सून आली, सून गरोदर राहिली. बुरुल्चा मात्र वाळत चालली. ऑगस्टमध्ये एक दिवस कुणीच मिळालं नाही. सुनेला घेऊन सगळे दवाखान्यात गेले होते. पाच वाजले. ठोके पडले. पण या वेळी पाण्यावरून नाही...

फाटकावर.

जिथे मासे अडकवले होते, तिथे.

बुरुल्चा मागच्या दाराने पळाली ती सालिका आजीच्या पायाशी जाऊन पडली. सगळं सांगितलं. मासेवाली, नान, ढग, झाकण. बाजारात गेलेच नव्हते, आजी. घरीच होते. झाकण हातात होतं.

म्हातारी ऊन खात बसली होती. ती हलली नाही.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

"... कुणी सांगितलं?"

"कालिपाने."

बुरुल्चाला वाटलं म्हातारीला भ्रम झालाय.

"त्याच संध्याकाळी आली होती. मी मावळतीचा नमाज उरकून उठत होते. उंबऱ्याबाहेर उभी, नखशिखांत भिजलेली. मी म्हटलं, आत ये पोरी, अंग पूस. तर म्हणाली, 'नाही आई, निघाले मी. बुरुल्चाकडे पाहुणे आहेत. तिला काही बोलू नकोस. पाहुणे असताना तिला त्रास नको.' मी टॉवेल आणायला वळले. परत येऊन बघते तर नाही. मी उंबरा पुसून काढला. त्यानंतर कोळी दारात आले सांगायला... की ऊन होतं तेव्हाच काढलं म्हणून."

बुरुल्चाने उंबऱ्याकडे पाहिलं.

पाहुणे असताना त्रास नको...

म्हणून ठोके थांबायचे! नऊ महिने ज्या पाहुण्यांची ती भिंत बांधत होती, त्या भिंतीला कालिपा फक्त मान देत होती. बाहेर थांबून.

"अजून एक म्हणाली," सालिका आजी म्हणाली. "'एक घास राहिलाय माझा तिच्याकडे. खाईन कधीतरी.'"

त्या दिवसापासून बुरुल्चाने पाहुणे बोलावणं बंद केलं. पाचला फाटक उघडं टाकून बसायची, समोर नान ठेवून. ठोके पडायचे. ती म्हणायची, "ये गं." कुणी यायचं नाही.

ऑक्टोबर उजाडला. नातू झाला होता. गावाने बोटांवर महिने मोजले, ते जेमतेम भरले. त्याला पाळण्यात घालायचा दिवस ठरला, आणि तो नेमका दुसरा गुरुवार. माहेरचा पाळणा घेऊन बेगायमची माणसं आली. खोली भरून गेली. मधोमध दस्तरखान, म्हणजे जेवणाचं कापड, अंथरलेला, त्यावर सहा नान, एकावर एक, अख्खे. दुवा म्हटल्यावर घरातल्या थोरल्याने मोडायचे, तोवर कुणी हात लावायचा नाही. मी चहा ओतत होते.

बेगायमने पेला घेतला. "विहीणबाई, ती मासेवाली येत नाही का हो हल्ली? मासे छान होते तिचे."

 कालिपा बुडाली हे गावातल्या सगळ्यांनाच माहीत होतं. फक्त पाहुण्यांना नव्हतं.

बुरुल्चाने माझ्याकडे पाहिलं. मग पेला खाली ठेवला.

"ती मासेवाली नव्हती, विहीणबाई. माझी मैत्रीण होती. कालिपा नाव तिचं. त्या दिवशी मला तुमच्यासमोर तिची लाज वाटली, म्हणून खोटं बोलले. आणि त्याच लाजेपायी ती बुडाली."

कुणीतरी "तोबा" म्हणालं.

आणि तेव्हा...

टक.

टक.

टक.

घरात वीस पाहुणे असताना. सगळ्यांनी ऐकलं. पाळण्यातलं पोर रडायचं थांबलं.

"कोण... कोण ठोठावतंय?" बेगायमचा आवाज पार उतरला होता.

बुरुल्चा उठली. चुलीवरचं झाकण उचललं, पळी घेतली आणि अंगणात जाऊन बडवायला लागली. ढग नव्हता, वारा नव्हता. ती बडवत होती आणि ओरडत होती, "कालिपा! परत फिर गं! कालिपा!" सगळे तिच्यामागे बाहेर धावले. सून पोराला उचलून धावली. किटली खाली ठेवून मी शेवटची निघाले.

पाणी शांत होतं. तिचे हात गळून जाईपर्यंत ती वाजवत राहिली. सापारभाऊजींनी पळी काढून घेतली तेव्हा थांबली.

परत आत पहिली मी शिरले.

वरच्या नानाचा एक तुकडा मोडलेला होता.

लहानसा. एका घासाचा.

मोडलेली कड ओली होती. मी बोट लावून जिभेवर ठेवलं... खारट. आमच्या सरोवराचं पाणी लागतं तसं, थोडंसंच खारट.

जमिनीवर मात्र पाण्याचा एक थेंबही नव्हता.

बुरुल्चाने तो नान उचलून मांडीवर घेतला. मला वाटलं होतं, आता हिचं ओझं उतरेल. ती कितीतरी वेळ त्या मोडलेल्या कडेकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "उभ्या उभ्याच खाल्ला गं. बसली नाही."

त्यानंतर तिच्याकडे ठोके पडलेले नाहीत. ती तरीही पाचला झाकण घेऊन काठावर जाते. गावात कुणी तिला हसत नाही.

हे सगळं तुम्हाला सांगायचं कारण वेगळंच आहे. बुरुल्चाने तिचा काटा काढला. माझा तसाच आहे.

पहिल्या दिवशीही चहा मीच ओतत होते.

माझं तोंड खिडकीकडे होतं. खिंडीवरचा ढग बुरुल्चाच्या आधी मला दिसला होता. मी काही बोलले नाही. पाहुणे थोरल्या जावेचे, घर तिचं, मैत्रीण तिची. धाकटीने कशाला मध्ये बोलायचं? मी पेला भरला आणि बेगायमच्या हातात दिला.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. सालिका आजीलाही नाही, आणि आता ती राहिली नाही.

माझं घर पाण्यापासून लांब आहे, गल्लीच्या टोकाला. तिथवर वल्ह्याचा आवाज पोचत नाही.

पण गेले चार दिवस, पाच वाजले की मी घरात कुणा ना कुणाला चहाला बसवून ठेवते आहे.