फितीचं दुसरं टोक

दिवा असू दे जवळ. सांगतो.

अक्रोड गोळा करून झाले होते. जंगल किती उरलंय ते सरकारला हवं होतं, म्हणून मी आणि माझा जावई कुबात सकाळीच खोडं मोजायची फीत घेऊन डोंगरात निघालो. माझी लेक ऐचुरोक तेव्हा गरोदर होती. अंधार पडायच्या आत घरी आणा त्याला, एवढंच ती मला म्हणाली.

आमची रीत सोपी. फितीचं एक टोक माझ्या हातात. दुसरं घेऊन कुबात खोडाला वळसा घालायचा, छातीच्या उंचीला. मागे गेला की दोनदा ठोकायचा, मी ठोकून उत्तर द्यायचो, मग उजवीकडून येऊन तो टोक माझ्या हातात ठेवायचा. आमची खोडंच अशी, की पलीकडचा माणूस दिसत नाही.

झऱ्यापाशी धुकं उतरलं. तिथेच वाट चुकली असणार. पण खोडं लागली, एकाहून एक जाड. कुबात खुशीत.

"काय सासरेबुवा, जंगल संपलं म्हणत होतात ना? तुमची फीत संपेल आधी."

अक्रोडाच्या पानांचा कडवट वास दाटला होता. तरी काहीतरी खुपत होतं. मी खाली पाहिलं. पानगळीचे दिवस, आणि पायाखाली एक पान नाही, एक टरफल नाही. नुसतं गवत.

मग उमगलं. हा वरचा उतार. कोळसा आणि वीज बंद झाली त्या हिवाळ्यांत अख्ख्या गावाने इथलं झाडन् झाड तोडून चुलीत घातलेलं.

कुबात तेव्हा खोडामागे होता.

"कुबात... ये परत..." मी हाक मारली.

"एवढं एक, बाबा."

दोनदा ठोकल्याचा आवाज आला.

आणि वारा सुटला. धुकं फाटलं. समोर उघडा उतार, गुडघ्याएवढे काळे बुंधे. माझ्या हातातली फीत हवेत गोल ताणलेली होती, छातीच्या उंचीला. मग ती गवतात पडली. आत कुणी नव्हतं. मागेही नव्हतं.

बर्फ पडेपर्यंत गावाने शोधलं.

नातू आता शाळेत जातो. शरदात धुकं उतरलं की ऐचुरोक फीत माझ्या हातात देते. मी वर जातो, टोक धुक्यात धरतो. ते कुणीतरी घेतं. दोनदा ठोकतं... मी नुसत्या हवेवर ठोकतो, आणि बोटांना साल लागते. मग उजवीकडून एक हात येतो. धरायला जावं तर मुठीत फक्त फीत उरते.

हात अजून तरणाच आहे. खोडाचा वेढा मात्र दरवर्षी बोटभर वाढतो.