बाराव्या गल्लीची कमान

कळंबोलीतल्या बाराव्या गल्लीच्या तोंडाशीच तो ट्रेलर आडवा उभा होता. सळयांनी भरलेला, आणि इतका लांब की त्याचं शेपूट हमरस्त्यावर आलेलं. गल्लीत आतल्या बाजूला स्कूटरवर अडकलेली मिताली. तिने हॉर्न वाजवला, मग उतरून केबिनच्या दारावर थापा मारल्या. आत कुणी नव्हतं. समोरच्या टपरीवरून एक तरुण चहाचा ग्लास घेऊन निवांत चालत आला आणि म्हणाला, ड्रायव्हर आंघोळीला गेलाय, येईल एवढ्यात.

"आणि तुम्ही कोण?"

"मी मालक."

मितालीने मोबाइल काढून नंबरप्लेटचा फोटो घेतला.

"फोटोत मी पन हाय का?"

"असाल तर कापून टाकीन."

तो हसला. ऑफिसला उशीर झाला तो झालाच, वर ते हसू दिवसभर डोक्यात राहिलं... याचाच तिला जास्त राग आला.

मिताली रहिवासी संघाची सचिव होती, कारण दुसरं कुणी व्हायला तयार नव्हतं. ट्रेलरचा विषय निघाला की अध्यक्ष उदयसिंह फलकावर 'नम्र विनंती' लिहावं की 'सक्त ताकीद', यातच बैठक संपवत. सरकारदरबारी एक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवी आणि दुसरं पहिल्याकडे. मागच्या महिन्यात तळमजल्यावरच्या गुणाबाई न्हाणीघरात पडल्या, तर रुग्णवाहिका गल्लीत शिरेना. शेवटी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून त्यांना नाक्यापर्यंत उचलून न्यावं लागलं. म्हातारी वाटभर कण्हत होती. खुर्चीची एक बाजू मितालीने धरली होती, ते कण्हणं अजून तिच्या कानात होतं.

पुढच्या बैठकीला तिने त्या मालकालाच बोलावलं. प्रितम घरत, शेजारच्याच गावचा. सगळे त्याच्यावर तुटून पडले. तो खाली मान घालून ऐकत राहिला. मितालीने फक्त गुणाबाईंचं सांगितलं.

"आता कशा हायत त्या?" त्याने विचारलं.

इतक्या ठिकाणी तिने ही गोष्ट सांगितली होती, पण हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याचे ट्रेलर गेले. संध्याकाळपर्यंत त्या जागेवर भलत्याच कुणाचे येऊन उभे राहिले. मितालीने तडक प्रितमला फोन लावला.

"ते माझे नायत," तो म्हणाला.

"माहीत आहे. पण ओरडायला माझ्याकडे तुमचाच नंबर आहे."

गल्लीच्या तोंडाशी लोखंडी कमान बसवायची कल्पना त्याचीच. रुग्णवाहिका जाईल, ट्रेलर अडेल एवढ्या उंचीची. पण मग गावातल्या ट्रेलरवाल्या पोरांनी गाड्या लावायच्या कुठे? गावाबाहेर त्याच्या वडिलांची, काशीरामांची, एक पडीक जागा उरली होती. ती मागायला दोघं गेली. काशीराम ओट्यावर बसले होते.

"तुमची बिल्डिंग हाय ना, तिथं आमचा भात व्हायचा," ते म्हणाले. "आता उरलेली जागा पन तुमालाच देऊ?"

मिताली वाटेत मुद्दे घोकत आली होती. ते सगळे तिने बाजूला ठेवले.

"नका देऊ, काका. तुमच्या जागी मी असते तर मीही दिली नसती."

काशीरामांनी तिच्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. मुलगा ना जागेबद्दल बोलत होता, ना बापाकडे बघत होता. तो नुसता तिच्याकडे बघत होता. म्हाताऱ्याने मोठा सुस्कारा सोडला.

"लावा गाड्या. पावसाळ्यापर्यंत. पुढचं पुढं बगू."

मग कमानीच्या परवानगीसाठी हेलपाटे सुरू झाले. साहेब जेवायला गेलेले, साहेब दौऱ्यावर, साहेब बदलले. बाकावर बसून मिताली धुसफुसायची आणि प्रितम शांतपणे शेंगा सोलून तिच्या तळहातावर ठेवायचा. असल्या गोष्टीत तुला राग कसा येत नाही, म्हणून ती त्याच्यावरच चिडायची. कधीतरी 'तुम्ही'चं 'तू' झालं, ते दोघांनाही कळलं नाही. एकदा तर साहेब चक्क जागेवर भेटले आणि काम पटकन झालं, तेव्हा तिचं तोंड उतरलं. का, ते तिने स्वतःलाही विचारलं नाही.

कमान बसली. उदयसिंहांनी फीत कापून लांबलचक भाषण केलं, त्यात या दोघांचं नावही नव्हतं. गल्ली मोकळी झाली... आणि प्रितमचे फोन यायचे बंद झाले. एक दिवस गेला, आठवडा गेला, आणखी एक गेला. मितालीला घरच्यांचं बोलणंही टोचू लागलं. शेवटी तिने फोन करून सांगितलं, गटाराचं झाकण तुटलंय, ताबडतोब ये.

तो आला. शर्टावर ग्रीसचा डाग. उकिडवा बसून त्याने झाकण वाजवून पाहिलं.

"चांगलं हाय की."

"मग दुसरं काय सांगून बोलवायचं होतं?" ती तडकली. "कमान झाली, तक्रार संपली. तुला एक फोन करता येत नाही?"

प्रितम उठला. हात पँटला पुसत खाली बघून म्हणाला, "रोज नाक्यापर्यंत येऊन परत जायचो. तुज्याकडं यायला कारनच सापडत नव्हतं."

मितालीने ते धड झाकण उगाच पायाने दाबून पाहिलं. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या.

"रविवारी जेवायला ये," ती म्हणाली. "आईला सांगितलंय मी."

"काय सांगितलंस?"

"की एक माणूस आहे, माझं डोकं फार फिरवतो... आणि मला तोच हवाय."