मंजुळ म्हणजे नेमकं काय

शपथेवर सांगितलं तरी कुणी विश्वास ठेवणार नाही, पण एका माणसाच्या प्रेमापायी एकदा गावभरच्या सायकली एकदम बोलायला लागल्या होत्या.

हा माणूस छापखान्यात प्रूफं तपासायचा. चुकीचा शब्द दिसला की त्याला घास गिळवायचा नाही. एका सकाळी रस्त्यातच त्याच्या सायकलचं चाक बसलं, आणि समोरच्या दुकानातून आवाज आला, “अहो, उचलून आणा! रिम वाकेल!”

आवाज असा, की खडीवरून पत्रा ओढावा. हातात पाना, गालावर ग्रीसचा पट्टा... सायकलवाली! तो बघतच राहिला.

“तुमचा आवाज... फार मंजुळ आहे हो.”

पाना थांबला.

“बासरी मंजुळ असते. पैंजण मंजुळ असतात. मला शाळेत सगळे भोंगा म्हणायचे. सकाळी सकाळी थट्टेला मीच सापडले?”

“थट्टा नाही. शब्दांवरच पोट आहे माझं.”

“मग जपून वापरा की!”

त्यानंतर त्याचं चाक रोजच बसायला लागलं. एका संध्याकाळी तिनं ट्यूब पाण्यात बुडवली. एक बुडबुडा येईल तर शपथ!

“हवा गेलेली नाही, सोडलीय. कशाला?”

“तुम्ही चिडलात की जरा जास्त बोलता... म्हणून.”

ती हसली नाही. पण कोरडी झालेली ट्यूब उगाचच पुसत राहिली.

“मंजुळचा अर्थ सांगा बघू. खरा.”

“जो थांबला की चुकल्याचुकल्यासारखं होतं, तो आवाज.”

“कुठल्या कोशात आहे हे?”

“अजून छापायचंय.” तिनं ट्यूब चढवून हवा भरली, तशी त्यानं सायकल वळवली. “तरी थट्टाच वाटत असेल, तर उद्यापासून नाही येणार. वाटत नसेल, तर... मी कोपऱ्यावर पोचेपर्यंत एक हाक मारा.”

तो निघाला. मुंगीनं मागे टाकावं इतका हळू. मागून चकार शब्द नाही. कोपरा आला... आणि काय सांगू! दुकानात टांगलेल्या सगळ्या घंट्या आपोआप वाजायला लागल्या! मग रस्त्यावरच्या सायकलींच्या, मग पोस्टमनची, मग पलीकडच्या गल्लीतल्या —

“खोटं!” स्वयंपाकघरातून खडीवर पत्रा ओढल्यासारखा आवाज आला. “एकच वाजली होती, आणि ती मी वाजवली. घसा दाटून आला होता माझा. हाक कशी मारणार?”